तीन रेघांचे झाड

ल लोक्ल, १२ सप्टेंबर २०२४

श्री. अल्सीद माते यांस,

तेरा वर्षांनी माझे हस्ताक्षर पाहून आपण हे पाकीट चुलीत टाकले नसेल असे गृहीत धरून लिहितो. ला ब्रेव्हीनला सप्टेंबरातच चूल पेटते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हे गृहीतक फारसे भक्कम नाही.

प्रश्न माझ्या स्वतःच्या मनगटी घड्याळाचा आहे. ते दिवसाला अकरा मिनिटे मागे पडते आणि पूर्ण चावी दिली तरी नऊ तासांत थांबते. आपण ते मे २००८ मध्ये उघडून, धुऊन, तेल घालून दिले होते. त्याला सोळा वर्षे चार महिने झाले. कंपनीच्या पुस्तिकेतला नियम आपल्याला आठवत असेल, कारण तो लिहिला मी आणि त्यावर सर्वांत जास्त हसलात आपण: ‘घड्याळ नीट चालत असले तरी दर पाच वर्षांनी त्याचे संपूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावे.’ नऊच्या न्याहारीला तायोल पावाचा तुकडा कॉफीत बुडवत आपण सगळ्या टेबलादेखत म्हणाला होतात, “कॅलेंडरसाहेब, घड्याळाला वाढदिवस नसतो. आधी त्याचा झोका बघा. तोलचक्र मस्त झुलतंय, तेल जागेवर आहे, मग कशाला त्याचं पोट फाडताय? आणि झोका मेला असेल तर पाच वर्षं कसली वाट बघायची?” तेव्हापासून मी कार्यशाळेत कॅलेंडरसाहेबच राहिलो. आपण गेल्यावर मात्र त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही.

माझ्याच नियमाने माझ्या घड्याळाची तीन सर्व्हिसिंगे चुकली आहेत. कामाच्या रगाड्यात राहून गेले.

गेल्या सोमवारी ते मी कचेरीतून खाली कार्यशाळेत नेले. सोलेन बोरेल नावाची कारागीर गेली दोन वर्षे, आपण पूर्वी बसत होतात त्या टेबलावर बसते. हात अतिशय स्थिर आहे. तिने घड्याळ मापनयंत्रावर ठेवले. झोका जेमतेम एकशे साठ अंश भरला. मग मागचे झाकण उघडले, भिंगातून आतल्या बाजूला पाहिले आणि ते माझ्यापुढे धरले.

“ही खूण कुणाची ते ठाऊक आहे तुम्हाला?”

ठाऊक आहे, असे मी म्हणालो. तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. सुईने कोरलेले सूचीपर्णी झाड आणि शेजारी तारीख.

“मग इतकी वर्षं उघडलं का नाही? नियम तुमचाच ना?”

मी घड्याळ परत घ्यायला हात पुढे केला. तेव्हा तिने मला सांगितले की आपण तिचे आजोबा आहात. आईकडचे, म्हणून आडनाव वेगळे, आणि ते वेगळे आहे याचा तिला इथे उपयोगच झाला. “ट्रेनिंगच्या खोलीत भिंतीवर त्यांचं झाकण टांगलंय,” ती म्हणाली. “खाली पाटी: ‘खूण आहे, काम नाही.’ नवीन माणूस आला की त्याला तिथं उभं करतात. मी रोज त्याच्याखालून जाते, मस्यू निकोले.” मग तिने माझे झाकण होते तसे बसवले आणि घड्याळ परत दिले. ती त्याला हात लावणार नव्हती. ज्यांनी शेवटचे उघडले त्यांनाच विचारा, असे तिने मला सुचवले.

म्हणून विचारतो. आपण ते पाहाल का?

ब्लेज निकोले

*

ल लोक्ल, २६ सप्टेंबर २०२४

श्री. माते यांस,

चौदा दिवस उत्तर आले नाही. सोलेनला विचारण्याचा अधिकार मला नव्हता, तरी विचारले. “वाचलं,” ती म्हणाली. “दोनदा वाचलं. घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं.”

माझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य खोटे आहे. कामाच्या रगाड्यात काहीही राहून गेले नाही. माझ्या हातून काही राहून जात नाही, ही माझी ख्याती आपल्यालाही ठाऊक आहे. मी घड्याळ उघडू दिले नाही, कारण जो कोणी ते उघडील तो आपले झाड पाहील, त्याखालचे निर्दोष काम पाहील, आणि मग वर जाऊन भिंतीवरचे झाकण पाहील. दोन्ही एकाच माणसाची कशी, हा प्रश्न त्याच्या मनात येईल. तो येऊ नये म्हणून मी तेरा वर्षे एक चांगले यंत्र कोरडे होऊ दिले.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. ते आता क्रमाने लिहितो.

गुरुवार, १७ डिसेंबर २००९. नाताळच्या सुटीपूर्वी माल रवाना करण्याचा शेवटचा दिवस. आपण अकराच्या सुमारास टेबलावरून उठून गेलात, कारण न्यूशातेलच्या इस्पितळातून आपल्या पत्नी ओदेतबाईंची तब्येत बिघडल्याचा निरोप आला होता. टेबलावर काचेच्या घुमटाखाली सात घड्याळे होती. ती सातही त्या दिवशी जायची होती, असे माझी यादी सांगत होती.

काचेखाली असते ते अपुरे, हा कार्यशाळेचा संकेत मला ठाऊक होता. तरी मी घुमट उचलला. चार घड्याळांच्या जॉबकार्डावर आपली सही होती, तीन घड्याळांच्या नव्हती. त्या तिन्हींची झाकणे मी स्वतः उघडून पाहिली, तेवढे मला येते. तिन्हींच्या आत झाड होते आणि त्याच आठवड्याची तारीख होती. मी निष्कर्ष काढला की काम झाले आहे, घाईत सही तेवढी राहिली आहे. तिन्ही जॉबकार्डांवर मी ‘माते यांच्याकरिता’ असे लिहून स्वतः सही केली आणि माल पाठवला.

ओदेतबाई २० तारखेला गेल्या. मी अंत्यविधीला आलो होतो. आपण माझा हात धरून म्हणालात, “सुट्टीनंतर भेटू, ब्लेज. माझं टेबल तसंच राहू दे.” मी म्हणालो, तसेच आहे.

इथवरची चूक ही चूक होती. तिच्यासाठी मी हे पत्र लिहिले नसते. पुढचे आज लिहिता येत नाही.

ब्लेज निकोले

*

ल लोक्ल, १० ऑक्टोबर २०२४

अल्सीद,

‘श्री.’ आणि ‘आपण’ यांच्या आडोशाने पुढचे लिहिणे मला जमेना. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे केलेत आणि मी तुम्हाला तुम्ही म्हणत आलो. तीच भाषा या पत्रात ठेवतो.

ती तीन घड्याळे तुम्ही उघडलीच नव्हती, म्हणजे झाकणापलीकडे उघडली नव्हती. त्यांतली दोन चौदा महिन्यांत परत आली. एक ग्राझच्या शल्यवैद्याचे होते. तो फोनवर अर्धा तास ओरडला आणि त्याचे बरोबर होते. आत तेल काळे होऊन गोंदासारखे चिकटले होते, चक्रांच्या आसांची टोके झिजली होती, आणि झाकणावर मात्र ताजी तारीख होती. आपल्या धंद्यात याहून मोठा आरोप नाही.

२०११ च्या मार्चमध्ये चौकशी झाली. संचालक, कार्यशाळेचे प्रमुख, मी आणि तुम्ही. तुम्हाला काहीच आठवत नव्हते. त्या आठवड्यातले इस्पितळ सोडून तुम्हाला काहीच आठवत नव्हते, आणि हे तुम्ही लपवले नाही. तुम्ही एवढेच सांगितलेत की तुम्ही खूण आधी करता आणि काम मग. तुमच्या उस्तादाने तसे शिकवले होते. आधी आपले नाव त्या घड्याळात घालायचे, म्हणजे पुढे हात चुकारपणा करत नाहीत. संचालक हसले. “उलटंच की हे. पदार्थ रांधायच्या आधीच ढेकर?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “जॉबकार्ड बघा ना. खूण आधी असली तरी सही मी शेवटीच करतो. सही नसेल तर काम झालेलं नाही, आणि मग ती घड्याळं बाहेर कशी गेली ते शोधा.”

संचालकांनी मला अभिलेखात पाठवले.

त्या क्षणापर्यंत, अल्सीद, मला खरोखरच काही ठाऊक नव्हते. जिन्यावरून खाली उतरताना ठाऊक झाले. ‘खूण आधी’ हे तुमचे शब्द आणि मी उचललेला घुमट एकमेकांना जाऊन लागले. २००९ ची पेटी मी काढली. तिन्ही कार्डे जागेवर होती. माझी कागद लावण्याची पद्धत चांगली आहे. तिन्हींवर माझे अक्षर होते.

मी ती कोटाच्या आतल्या खिशात घातली, वर गेलो आणि म्हणालो, “सापडत नाहीत.”

माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत न सापडलेले तेवढेच कागद. कोणाला संशय आला नाही, कारण निकोलेला सापडत नाही म्हणजे ते नाहीच, अशी माझी पत. ती पत मी त्या दिवशी खर्चून टाकली आणि तेव्हापासून तिच्यावरच जगतो आहे.

याहूनही वाईट पुढे आहे आणि ते तुम्हाला आठवत असणार. बाहेरच्या बोळात, खिडकीपाशी, टोपी हातात घेऊन तुम्ही मला विचारलेत, “ब्लेज, तू मला वीस वर्षं बघतोयस. तू तरी सांग. मी खरंच असं केलं असेन का?”

कार्डे माझ्या छातीशी होती. मी म्हणालो, “दुःखात माणसाकडून होतं, अल्सीद.”

तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर विश्वास ठेवलात आणि स्वतःवरचा काढून घेतलात. सोलेन सांगते की तुम्ही त्यानंतर कोणाचेही घड्याळ उघडले नाही, शेजाऱ्याचे भिंतीवरचेसुद्धा नाही. तिला शिकवतानाही तुम्ही उलटे शिकवलेत: काम आधी, खूण सगळ्यात शेवटी, आणि तीही तीनदा तपासून. तिने विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, “मी एकदा चुकलोय, पोरी.” तुम्ही चुकला नव्हता. हे एक वाक्य लिहायला मला तेरा वर्षे सात महिने लागले.

तुमच्या जाण्याचा मला लाभ झाला, हेही लिहिले पाहिजे. झोका बघा, घड्याळाला विचारा, कोणाला चार वर्षांनी लागेल तर कोणाला दहांनी, हे म्हणणारा आता कोणी उरला नाही. माझा पाच वर्षांचा नियम तुमच्या झाकणाचा दाखला देऊन मंजूर झाला: कारागिराच्या अंदाजावर सोडले की काय होते, ते पाहा. परत आलेल्या त्या दोन घड्याळांपैकी एकाचे झाकण भिंतीवर टांगले गेले, आणि त्याखालच्या पाटीचा मजकूर माझा आहे. चार शब्द. संचालकांना फार आवडले होते.

तिसरे घड्याळ अजून परत आलेले नाही. ते कुठेतरी तुमची खूण आणि माझी सही घेऊन कोरडे चालते आहे.

मूळ कार्डे माझ्या घरी आहेत, वाणिज्य शाळेच्या प्रमाणपत्राच्या मागे. त्यांच्या प्रती सोबत ठेवतो. माझे घड्याळही सोलेनच्या हाती पाठवतो. उघडणे न उघडणे तुमच्या मनावर. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतो आहे. निवृत्तीनंतर लगेच संचालकांना हे सर्व लेखी कळवीन आणि ते झाकण उतरवण्याची विनंती करीन. हे वचन समजावे.

ब्लेज

*

ल लोक्ल, ४ नोव्हेंबर २०२४

अल्सीद,

आज सकाळी सोलेनने माझ्या टेबलावर एक काड्यापेटी ठेवली. मला वाटले, घड्याळ आले. आत कापसात नुसते मागचे झाकण होते.

मी तिच्याकडे पाहिले. बाकीचे घड्याळ आजोबांच्या टेबलावर घुमटाखाली आहे, असे ती म्हणाली. माळ्यावरून तो घुमट त्यांनी स्वतः उतरवला, आणि तो पुसायला त्यांना एक दुपार लागली. पत्र त्यांनी वाचले का, असे मी विचारले. तिने सांगितले की तुम्ही कार्डांच्या प्रती खिडकीशी धरून भिंगातून पाहिल्यात, माझी सही ओळखलीत, आणि मग बाहेर जाऊन लाकडे फोडत बसलात. लाकडे आधीच पुरेशी होती.

मी भिंग मागून घेतले. आत, मे २००८ च्या झाडाखाली, नवे कोरीव काम आहे. ऐंशीच्या घरातला हात, पण रेघ कुठे घसरलेली नाही. झाड नाही. अक्षरे आहेत: ब्लेज निकोले. आमच्यासारख्या कागदवाल्यांची खूण नसते म्हणून पूर्ण नाव. आणि शेजारी तारीख: ७ नोव्हेंबर २०२४.

मी म्हणालो, आज तर चार तारीख आहे.

“गुरुवार आहे सातला,” सोलेन म्हणाली. “तुमची साप्ताहिक बैठक असते. आजोबांनी निरोप दिलाय. म्हणाले, कॅलेंडरसाहेबांना सांग, त्यांना तारखा आवडतात म्हणून तारीख घातलीय. मार्चला फार अवकाश आहे. तोवर तेल सुकेल.” मग, जिन्याशी जाऊन, तिने स्वतःचे जोडले, “आणि आधी खूण, मग काम, असंही म्हणाले. तेरा वर्षांत पहिल्यांदा.”

मी दिवसभर ते झाकण खिशात ठेवून फिरलो. माझे नाव तिथे कोरलेले आहे आणि त्याखालचे काम मी केलेले नाही. भिंतीवरची पाटी मी बरोबर लिहिली होती. माणूस तेवढा चुकीचा टांगला होता.

मार्चची तारीख मी का निवडली, हे तुम्ही विचारले नाहीत. निवृत्तीचा समारंभ आटोपलेला असता, भाषणे झालेली असती, पठारावर माझ्या मानाची ‘तोरे’, म्हणजे शेकोटीची मेजवानी, झाली असती, राखेत भाजलेली सॉसेजे खात लोक ‘निकोलेसारखा काटेकोर माणूस होणे नाही’ असे म्हणालेले असते. ते ऐकून घेऊन मग मी खरे सांगणार होतो. कबुली देतानाही मी सोयीचे वेळापत्रक आखले.

ब्लेज

*

ल लोक्ल, ७ नोव्हेंबर २०२४

अल्सीद,

बैठक सकाळी दहाला होती. विषयपत्रिकेवर सहावा विषय म्हणून मी लिहिले होते: ‘१७ डिसेंबर २००९ ची तीन घड्याळे.’ त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. खोलीत अकरा जण होते. कार्यशाळेच्या वतीने सोलेन होती, दाराजवळ.

मी मूळ जॉबकार्डे टेबलावर मांडली आणि उभे राहून सांगितले. तुम्हाला लिहिले त्याच क्रमाने सांगितले, बोळातल्या खिडकीसह. ते सांगायची गरज नव्हती असे नंतर संचालक म्हणाले. ती होती. पाणी कोणी पुढे केले नाही, आणि मला ते योग्य वाटले.

संचालक नवे आहेत, त्यांनी तुम्हाला पाहिलेले नाही. त्यांनी कार्डे उलटसुलट केली आणि विचारले, “पण हे आत्ता का? कुणी मागितलं होतं का?”

मी म्हणालो, “माझ्या नावाची खूण झाली आहे. काम राहिलं होतं.”

त्यांना ते समजले नाही. दाराजवळ ज्या एका व्यक्तीला समजले तिने खाली मान घातली.

परिणाम असे: मी आज दुपारपासून कामावर नाही. मार्चचा समारंभ होणार नाही. तुम्हाला कंपनीचे पत्र येईल. त्याचा मसुदा मी करू नये असे ठरले, ते रास्तच आहे. तिसऱ्या घड्याळाच्या मालकाचा पत्ता मी शोधून दिला आहे. मालकीणबाई लिन्झला राहतात, कंपनी घड्याळ परत मागवील. पाच वर्षांच्या नियमावरही शेवटी बोलणे निघाले. कार्यशाळेचे मत काय, असे सोलेनला विचारले. “आधी झोका बघावा,” ती म्हणाली. एवढेच. कोणी हसले नाही.

भिंतीवरचे झाकण मी उतरवणार होतो. शिडी आणायला गेलो, तेवढ्यात कार्यशाळेतली माणसे वर आली होती. तुमच्या वेळचे दोघेच उरले आहेत त्यांच्यात. त्यांनी मला शिडीला हात लावू दिला नाही. “तुम्ही राहू द्या, मस्यू निकोले,” म्हातारा ग्रांजाँ म्हणाला, सभ्यपणे म्हणाला. मी बाजूला उभा राहिलो. सोलेन चढली. चौकट काढल्यावर भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिला. पाटी तिने मला दिली. ती माझीच होती.

तुम्ही मला क्षमा करावी असे मी लिहिणार नाही. तुमच्याकडून मी एक मोठी गोष्ट फुकट नेली होती. दुसरी मागणार नाही. तुम्ही चुकला नव्हता, हे अकरा माणसांसमोर बोलले गेले आणि इतिवृत्तात नोंदले गेले, एवढे कळवायचे होते.

माझे मनगट गेले चार आठवडे मोकळे आहे. सर्व्हिसिंग दर पाच वर्षांनी करावे, हा माझा नियम मी तुम्हाला सप्टेंबरात पुन्हा ऐकवला होता तो आता मागे घेतो. या पाकिटात झाकण परत पाठवतो आहे. माझ्या नावाखालचे काम भिंग लावून तपासा. पुरे झाले असे दिसले, तरच ते बसवा. नाहीतर घड्याळ घुमटाखाली तसेच उघडे राहू द्या.

ब्लेज निकोले